उजळ फोटो

अंबरपेठ,
१२ फेब्रुवारी २००६

प्रिय हिम्मतदादा,

नमस्कार. मी बरी आहे. सासूबाईंचे गुडघे तसेच. हिमायतनगर इथून काही लांब नाही, पण स्टुडिओत आले की तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून पत्र.

माधवीला पुण्याहून नकार आल्याचं वहिनींनी सांगितलं. इतका उजळ फोटो पाठवूनही लेकीला नकार का, म्हणून तुम्ही चिडला आहात म्हणे. दादा, तो फोटो गेलाच नाही.

त्या रविवारी मी तिचा फोटो काढला, तेव्हा कॅमेऱ्याच्या पाठीवरचा आलेख तुम्हाला दाखवला होता. डावीकडे अंधार, उजवीकडे उजेड. आलेखातला डोंगर जरा डावीकडे होता, पण कुठल्याच कडेला टेकला नव्हता. म्हणजे उजेड बरोबर. सावळ्या पोरीचा डोंगर डावीकडेच असणार, त्यात चूक कसली? तुम्ही म्हणालात, "सरकव उजवीकडे. पोरगी गोरी दिसली पाहिजे." मी ऐकेना, तेव्हा तुम्हीच दुसरा काढलात. डोंगर उजव्या भिंतीवर जाऊन आपटला. साडीची जर गेली, नाकाची कड गेली. असं उजेडानं जळालेलं कॉम्प्युटरलाही परत आणता येत नाही, हे गिऱ्हाइकांना तुम्हीच शिकवता!

मी वाद घातला तर म्हणालात, "तुझाही असाच काढला होता. झालं ना लग्न?"

झालं. रिळाच्या काळात आलेख नव्हता, तुमचा हात होता. तो फोटो सासूबाईंनी अजून हॉलमध्ये टांगून ठेवलाय, मुद्दाम. परवा शेजारची नवी भाडेकरीण तो बघून म्हणाली, "तुम्हारी बहन कित्ती गोरी है जी!" सासूबाई हसल्या. हे चहा पीत राहिले. मी "हौ" म्हणाले आणि आत जाऊन भांडी घासली.

म्हणून ई-मेल करायला तुम्ही मला बसवलंत, तेव्हा मी काढलेला फोटो पाठवला आणि तुमचा पुसून टाकला. माधवीला काल सांगितलं. "आत्या, तू कोण ठरवणारी?" म्हणून रडली. आता माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे. तिला नकार एकदाच आला, तोही पुण्याहून. मला तो रोज जेवणाच्या ताटाबरोबर मिळतो.

तुमची सावळी बहीण,
त्रिवेणी