क्रमांक सत्तावीसच्या गाडीत न बसलेली रबरी रिंग

प्रति,
मा. सचिव,
रिमोट मोटार शर्यत मंडळ,
पहिला मजला.

विषय : गाडी क्र. २७ च्या अपघाताचा दोष जुळवणाऱ्याच्या नावावरून काढून वाचणाऱ्याच्या नावे नोंदवणेबाबत.
संदर्भ : गाडी क्र. २७ जुळवणारे यांचा राजीनामा, दि. २ रोजी दाखल.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून पहिली विनंती ही की, खुर्ची जरा जवळ ओढून घ्यावी. अर्जात गोष्ट सांगू नये हे मला कळते. तरी एवढी एक ऐकावी. देवाला स्मरून सांगतो, एक अक्षर खोटे निघाले तर अर्ज तिथेच फाडावा.

१. राजीनामा देणारे माझे थोरले बंधू. त्यांनी चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली. आता डोळ्यांना उजेड आणि सावली एवढेच कळते, पण बोटांना सगळे दिसते. हातभर लांबीच्या शर्यतीच्या गाडीचे किट, म्हणजे सुट्या भागांच्या बावीस पिशव्या आणि एक पुस्तिका, त्यांनी दुकानातल्या बाकावर नुसत्या स्पर्शाने जुळवले. गाडी त्यांची मुलगी चालवते. पुस्तिका मी वाचतो. माझे काम एवढेच.

२. मला कीर्तनाचे वेड आहे, हे या प्रकरणी नमूद करणे भाग आहे. ऐकून ऐकून जिभेला निरूपणाची खोड लागली. 'तीन मिलिमीटरचा स्क्रू घ्या' एवढेच छापलेले असताना मी स्क्रूच्या नम्रतेवर पाच मिनिटे बोलत असे. दादा म्हणत, "बुवा, आधी स्क्रू द्या, मोक्ष मागाहून."

३. पिशवी क्रमांक नऊ : मागच्या दोन चाकांमधली दातेरी चाकांची पेटी. वळणावर बाहेरचे चाक जास्त धावते, आतले कमी. ती तफावत ही पेटी सांभाळते. तिच्यात दाट तेल भरायचे आणि ते गळू नये म्हणून दोन्ही तोंडांना एकेक रबरी रिंग बसवायची. मी डावी रिंग वाचली, आणि मला सुचले : एका घरची दोन चाके, एक पुढे पळते, एक मागे राहते, तरी तंटा नाही, कारण मधला कुणीतरी मुकाट सोसतो. दादांची बोटे थांबली. म्हणाले, "वा!" महोदय, त्या 'वा'ने घात केला. मी त्याच तंद्रीत पान उलटले. उजवी रिंग वाचायची राहिली.

४. दोन दिवसांनी रिकाम्या पिशवीच्या कोपऱ्यात ती सापडली. मसुराच्या दाण्याएवढी. दादा तेव्हा गाडीवरून हात फिरवत म्हणत होते, "अशी जुळणी जन्मात साधली नव्हती रे." पेटी उघडायची तर अकरा स्क्रू काढायचे, शिवाय मला कीर्तनाला पुढची जागा धरायची होती. उद्या सांगू, म्हणून रिंग चष्म्याच्या घरात टाकली. त्या दिवशीच्या कीर्तनातला एक शब्द मला आठवत नाही. उद्याचा परवा झाला, आणि शर्यत आली.

५. पुढचे आपल्या दप्तरी आहेच. उजव्या तोंडातून तेल गळत गेले असणार; सहाव्या चकरेला मागची चाके घसरली, गाडी गिरकी घेऊन कठड्यावर आदळली. पुतणी रडत म्हणाली, "माझंच चुकलं, वळण लवकर घेतलं." दादा म्हणाले, "नाही गं. डोळे गेले तेव्हा बोटं होती. आता बोटंही गेली." तेव्हापासून दुकान उघडलेले नाही. राजीनामा त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. 'हातांवर भरवसा उरला नाही' या ओळीचे अक्षर पाहावे. ते माझे आहे. चष्म्याचे घर तेव्हा माझ्या खिशात होते.

६. सबब, राजीनामा मंजूर करण्यापूर्वी अपघातानंतर आपल्या ताब्यात असलेल्या गाडीची पेटी दादांसमक्ष उघडावी, उजव्या तोंडाला रिंग नसल्याचे लेखी द्यावे, व दोष माझ्या नावे लावावा. आपल्या लिपिकांचे म्हणणे की, जो सभासद नाही त्याच्यावर कारवाई करता येत नाही. म्हणून सभासदत्वाचा फॉर्म सोबत जोडला आहे. तो मंजूर करून त्याच बैठकीत मला निलंबित करावे, शक्यतो कमाल मुदतीसाठी. फॉर्मवरील फोटो हसरा आहे. दुसरा नव्हता, क्षमा असावी.

७. आपण विचाराल, दादांनाच का नाही सांगितले? आई गेल्यावर ज्यांनी मला वाढवले, त्यांच्यापुढे ही वटवटी जीभ उचलेना. अखेर आज सकाळी हा अर्ज 'प्रति'पासून इथवर त्यांना वाचून दाखवला. एक ओळ गाळली नाही, एक शब्द पदरचा घातला नाही. ऐकून ते म्हणाले, "तू गोष्टी रचणारा माणूस. माझी समजूत काढायला हीही रचली असशील. पेटी उघडू दे, मग बघू." महोदय, माझ्या शब्दाला घरात एवढीच किंमत उरली आहे, आणि ती रास्तच आहे. म्हणून आपला कागद हवा.

मला काय शिक्षा द्यायची ती द्यावी. पण सत्तावीस क्रमांक पुकारायची वेळ येईल तेव्हा कठड्यापाशी कान देऊन उभ्या राहणाऱ्या त्या माणसाची आठवण ठेवावी. त्याची बोटे शाबूत आहेत.

आपला अपराधी,
(सही)
गाडी क्र. २७ चा वाचक
दि. ९

सोबत :
१) सभासदत्वाचा फॉर्म, फोटोसह.
२) पुस्तिकेचे पान अठरा, राहिलेली ओळ अधोरेखित.
३) रबरी रिंग एक. (जोडता आली नाही. दादांनी हातात घेतली, चिमटीत फिरवून पाहिली, ती परत दिलेली नाही.)