ऱ्होड आयलंड आणि आमची नावं

मंगळ, ५ मार्च, हार्लेम, नेदरलँड्स
इराला पुढच्या बुधवारी वर्गासमोर बोलायचंय. कुठलंही एक ठिकाण घ्या, म्हणे. आमच्या पोरीने निवडलं ऱ्होड आयलंड! अमेरिकेतलं सगळ्यांत छोटं राज्य, राजधानी प्रॉव्हिडन्स. नावात बेट, पण बराचसा भाग बेट नाहीच. कुणी म्हणतं, डच खलाशाला लाल दिसलं म्हणून 'लाल बेट', डचमध्ये लाल म्हणजे 'रोड'. कुणी म्हणतं, ग्रीसमधल्या अशाच नावाच्या बेटावरून. इरा अर्थातच डच पार्टीत. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तरं देते. चालायचंच.

गुरु, ७ मार्च
राज्याचं नाव पूर्वी लांबलचक, शेवटी 'प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स'. मळ्यांवरच्या गुलामगिरीची आठवण नको म्हणून २०२० साली लोकांनी मत देऊन शेपूट काढलं. वाचून दाखवता दाखवता इरा म्हणाली, "आई, तुझं नाव बदलताना तुला कुणी विचारलं होतं?"
पासपोर्टवर, खेमेंटेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पत्रांवर मी वृंदा. घरात स्नेहल. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं, झालं. नाव सासूबाईंनी हौसेने निवडलेलं. चौदा वर्षं झाली. मला वृंदा परत हवीय. पण आईंना कसं सांगू? फार जीव लावलाय त्यांनी.
निनाद म्हणतो, मी आजपासून वृंदा म्हणतो, आईचं तू बघ. शहाणाच आहे नवरा.

रवि, १० मार्च
नाशिकला सासूबाईंना व्हिडिओ कॉल. मी धीर गोळा करतेय तोवर इराने मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगूनच टाकलं. आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "माझंही बदललं होतं गं. मी कुसुम."
निनाद बघतच राहिला. आम्हाला सुशीलाच ठाऊक. त्यांच्या माहेरचं आता कुणी उरलं नाही, त्या नावाने हाक मारणारं. मला रडूच आलं. माझ्या नावाबद्दल अवाक्षर नाही. फोन ठेवताना फक्त, "पुढच्या रविवारी मला कुसुम म्हणशील? एकदाच."
हो म्हणून बसले.

बुध, १३ मार्च
इराचं छान झालं. येताना सायकलवर पुटपुटून पाहिलं. सासूला नावाने! जीभ वळेना. कुसुमताई? छे, त्यांना नुसतं कुसुम हवंय.

रवि, १७ मार्च
आई केस नीट विंचरून बसलेल्या. मी दोनदा 'आई'च म्हणाले. "राहू दे गं," म्हणाल्या, पण फोन ठेवेनात. शेवटी डोळे मिटून म्हटलं, कुसुम.
"ओ," म्हणाल्या. किती पटकन!
नंतर भाजी, गुडघे, इराची उंची, सगळं बोललो. मला 'अगं' म्हणत होत्या. स्नेहल एकदाही नाही. वृंदाही नाही.