तिसऱ्या कडव्यातला सूर

पुसेगाव
ता. ८ जून २०२५, रविवार

चि. मोहिनी,

अनेक आशीर्वाद. तू, जावईबापू आणि दिपाली वसमतला खुशाल असाल. माझंही बरं आहे. गुडघा सकाळी जरा तकलीफ देतो, मग निमूट चालू लागतो. फोन सोडून पत्र काहून, असं तू म्हणशील. फोनवर तू दोन मिनिटांत 'बरं अण्णा, ठेवते' म्हणतेस. पत्राला तसं म्हणता येत नाही.

शिवहार येऊन गेला. नांदेडला त्याचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ बरा चालला आहे. पुतण्या असावा तर असा. तिथले दोन जुने हेडफोन त्यानं माझ्यासाठी आणले. म्हणाला, "काका, दोन्ही लावून पाहा. आवडंल तो ठेवा." मग काय, पंधरा दिवस मला दुसरा उद्योगच नव्हता.

पहिला बंद पाठीचा. कानावर झाकण ठेवल्यासारखा बसतो. तबला थेट छातीत वाजतो, पण गाणारी बाई कुठंतरी आतल्या खोलीत उभी असल्यासारखी. दहा मिनिटांत कान घामेजतात. दुसरा उघड्या पाठीचा, मागं बारीक जाळी. तो लावला आणि मी दचकून वळून पाहिलं. बासरी डावीकडे, पेटी उजवीकडे, मधे मोकळी हवा! शेजारच्या रुख्मिणीबाईच्या शेळ्या-मेंढ्या ओरडल्या तर त्याही मैफलीत. मला शाळेचा व्हरांडा आठवला. एका वर्गातून कविता, दुसऱ्यातून पाढे, आणि तरी प्रत्येक लेकराचा आवाज वेगळा.

पण त्या हेडफोनची पट्टी डोकं आवळायची, आणि 'स', 'श' सुईसारखे टोचायचे. पट्टीसाठी मी मराठीची जुनी पाठ्यपुस्तकं एकावर एक रचली आणि त्यांवर हेडफोन दोन दिवस ताणून ठेवला. कानाच्या रेक्झिनच्या गाद्या काढून मखमली बसवल्या. रुख्मिणीबाईनं कोकराच्या पहिल्या कातरणीची मूठभर लोकर दिली. ती धुऊन, पिंजून, तिचा पातळ थर गादीच्या आत घातला.

"गुरुजी, कानाला बी थंडी वाजून राहिली का?" तिनं विचारलं.

"कानाला न्हाई बाई, सुराला."

"मंग टोपडंच शिवा त्याला," म्हणाली आणि हसत गेली.

खरंच, त्या लोकरीनं सगळं मऊ झालं. कुणाचाही गळा गोड लागू लागला. शिवहारला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, गोड झालं, पण खरं राहिलं न्हाई. स्टुडिओत हा चुका ऐकायला वापरतेत." मी म्हटलं, शहात्तराव्या वर्षी चुका कोण ऐकतो!

मोहिनी, एवढं सगळं हेडफोनबद्दल लिहिलं ते पुढचं लिहावं लागू नये म्हणून.

शिवहारनं माझ्या जुन्या कॅसेटी मोबाइलमध्ये उतरवून दिल्या आहेत. त्यांत १९९४ च्या स्नेहसंमेलनाची तालीम आहे. सहावीचा वर्ग, पहाटेवरची कविता. चाल माझी. कविता नुसती वाचली तर ती पुस्तकातच राहते, चालीवर म्हटली की लेकरांच्या अंगात उतरते, असं मी केंद्रातल्या सगळ्या शाळांत सांगत फिरायचो. त्या चालीचा मला फार अभिमान होता. शिक्षणाधिकारी येणार होते. तिसऱ्या कडव्यात चाल वर चढते, आणि तिथंच टेपवर माझा आवाज येतो:

"थांबा! मोहिनी, तू बिघडवून राहिलीस. उद्या तू नुसते ओठ हलव."

वर्ग हसतो. मग तुझा आवाज, "बरं, गुरुजी." शाळेत मला अण्णा म्हणायचं नाही, हा नियमही माझाच.

लोकर असताना त्या कडव्यात सगळी पोरं एकजीव झाली होती, काही वेगळं कळत नव्हतं. मी लोकर उपसून काढली आणि पुन्हा लावलं. मग स्वच्छ ऐकू आलं. त्या वरच्या सुराला माझा गळा पोचत नाही. मी खाली घसरतो. गुरुजी घसरले की वर्ग घसरतो. गुरुजींच्या मागं म्हणायचं, हेच मी त्यांना शिकवलेलं. तीस लेकरं माझ्याबरोबर खाली येतात. एक आवाज तेवढा वर, जिथं असायला हवा तिथं, एकटा उभा राहतो. म्हणून तो वेगळा पडला, आणि म्हणून मी त्याला चूक म्हटलं.

इथं थांबलो असतो तर कानानं फसवलेला म्हातारा म्हणून सुटलो असतो. पण तेही खोटं झालं असतं.

त्या दिवशी तुझी आई माझा डबा घेऊन व्हरांड्यात उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "पोरगी बराबर म्हणून राहिली होती. घसरले तुमी." मी म्हणालो, "तुला काय कळतं सुरातलं?" तिनं पुन्हा विषय काढला नाही. पण जेवताना ती चाल मी मनात म्हणून पाहिली आणि मला कळलं. त्याच दिवशी कळलं, मोहिनी. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात एक वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर वर्गासमोर गुरुजी चुकले असते. तू ओठ हलवलेस. साहेबांनी चालीची वाहवा केली. मी हात जोडून ती घेतली.

त्यानंतर तू कधी गायली नाहीस. आईच्या आजारपणात ती म्हणायची, "एखादी कविता म्हण की गं." तू तिला वाचून दाखवायचीस. चालीवर नाही.

आणि परवा मे महिन्यात दिपाली अंगणात गुणगुणत होती, तू "गप" म्हणालीस. तिनं गाण्याच्या क्लासचं विचारलं. तू म्हणालीस, "आपल्या घरात गळा न्हाई कुनाला. आजोबांना विचार." पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी सुपारी कातरत बसलो. एकतीस वर्षांपूर्वी गप्प बसलो तसाच.

क्लासचे प्रवेश जूनअखेर संपतात, असं तीच म्हणाली होती. तिला पाठव. तुझा माझ्यावरचा राग तसाच राहू दे, तो खरा आहे. पण या घरात गळा नाही हे खरं नाही, ते मी पसरवलेलं आहे. पुढच्या रविवारी सकाळच्या बसनं मी येतो. दिपालीसमोर, तू ऐकत असताना, माझ्या तोंडानं सांगतो. आत घ्यायचं नसेल तर ओट्यावरून सांगेन आणि परतीची बस धरेन.

तीस लेकरांसमोर तुला चूक म्हणाला तो गुरुजी होता. त्याच्या आड लपलेला बाप आज लिहितो आहे: पोरी, तू सुरात होतीस.

अण्णा