पैलवानाच्या डब्यातली पावडर

३ जून

केलं! पैलवानाचा डबा रिकामा केला. करायला नको होतं, पण केलं. त्याची ताकदीची पावडर माझ्या पिशवीत, आणि डब्यात मैदा नि दुधाची भुकटी. कवायतीच्या उस्तादानं शिक्षा म्हणून मला स्वयंपाकघरात बटाटे सोलायला बसवलं ना — मैदा हाताशीच, मग मी बसतो होय गप्प?

काल त्या रेड्यानं नव्या भरतीच्या अख्ख्या बरॅकीसमोर माझी चड्डी काठीला लावून मिरवली. घे आता. पी मैदा!

५ जून

ढोसतोय! वर दंड फुगवून दाखवतो — "बघ, दगड झालाय दगड!" हसू दाबता दाबता माझ्या पोटात कळ आली.

आहारवाल्या बाईंचा तास. स्नायू कशानं वाढतात? सगळे पोपट — अंडी, दूध, कडधान्यं! आणि जेवायला बसले की हेच पोपट अंड्यातलं पिवळं फेकतात, भाजी बादलीत ओततात, नि पैलवानामागे लागतात. "दादा, एक चमचा दे ना." "फुटा इथून, भिकारड्यांनो!"

बाई म्हणाल्या, डब्यावर काय लिहिलंय ते वाचत जा. काय वाचणार, कपाळ! डब्यावर नुसता वाघ आहे. अक्षर एक नाही.

६ जून

बारक्याचं वजन पुन्हा कमी. उस्ताद खेकसला, "नुसती हाडं घेऊन आलास का रे? या महिन्यात भरला नाहीस तर घरी!"

बारक्या माझ्या शेजारच्या खाटेवरचा. इथला एकच बरा प्राणी, बाकी सगळे एका माळेचे मणी. बाप नाही, बहीण शिलाई करून घर चालवते. त्याला पावडर देऊ केली तर म्हणे, "चोरीची नको." आला मोठा शहाणा!

मग काय. त्याच्या दुधात रोज दोन चमचे, गुपचूप. "आज दूध घट्ट आहे रे." म्हटलं, पी मुकाट्यानं.

१९ जून

बारक्या भरला! उस्तादानं पाठीवर थाप मारली. मी डॉक्टरच व्हायला हवं होतं!

२२ जून

डॉक्टर आले, न सांगता. कुठल्याशा तुकडीतली पोरं बंदीची औषधं घेऊन अंग कमावताना सापडली म्हणे. सगळ्यांची लघवी बाटलीत. पैलवान पांढराफटक. मला कोण आनंद!

मग डोक्यात उजेड पडला — त्याच्या पोटात तर मैदा आहे. त्याची पावडर बारक्याच्या पोटात.

२६ जून

पैलवान सुटला. बारक्या सापडला. "आईशप्पथ उस्ताद, मी नुसतं दूध प्यायलो!" उस्ताद म्हणाला, "दूध? मला शेंबडा समजतोस?" उद्या घरी धाडतायत.

ट्रंक भरताना बारक्या मला म्हणाला, "तू तरी खरं मान ना माझं." मानतो, म्हटलं.

बोललो तर मी जातो. परत मामाचं गॅरेज नि जन्मभर त्याच्या लाथा.

उरलेली पावडर संडासात ओतली. वही, तू गप बस. आणि वाचणारा जो कोण असशील — पाया पडतो रे. कुणाला सांगू नकोस. बारक्याला तर नकोच नको.