इंजिनाची खुर्ची

आई,

परवा माळ्यावरचा तो जुना लोखंडी कूलर खाली काढला. बाबांनी स्वतः पत्रा वाकवून केलेला, हिरव्या रंगाचा, आपल्या घरातला पहिला. भंगारवाला दारात उभा होता. द्यायच्या आधी सवयीने मागची जाळी उघडली, आत हात घातला, आणि मग त्याला म्हटलं, आज राहू दे, पुढच्या महिन्यात ये. आत काय होतं ते तुला माहीत आहे. मला ते कळायला इतकी वर्षं लागली, म्हणून आधी माझ्या बाजूने त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगतो. तुला ती पाठ असेल, तरी ऐक. माझं बोलणं तू नेहमी मधेच तोडायचीस. आज तेवढी सोय तुला नाही.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवचा उन्हाळा असेल. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. पत्र्याच्या कूलरचं गिऱ्हाईक आटत चाललं होतं आणि मी नागपूरला सहा महिने राबून फायबरचं काम शिकून आलो होतो. नालवाडीच्या घरामागे टिनाची शेड ठोकून फायबरचे कूलर काढायला लागलो. लोक यायचे, बोटाने टकटक वाजवून बघायचे, ‘हे प्लास्टिक टिकते का?’ विचारायचे आणि निघून जायचे. अशात धरणावरच्या मच्छीमार सोसायटीचे काका आले, बाबांचे जुने दोस्त. सोसायटीने कुठून तरी एक जुनं इंजिन मिळवलं होतं, बोटीच्या मागे टांगायचं, खाली लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला पंखा. पण त्यांच्या बोटीची मागची फळी उंच होती. इंजिन फळीवर अडकवलं की पंखा पाण्याला जेमतेम शिवायचा आणि नुसता फेस काढायचा. फळी कापली तर लाटेचं पाणी आत येणार. म्हणून फळीच्या बाहेर, जरा खाली, इंजिन बसेल अशी एक भक्कम पेटी हवी होती. लोखंडाची केली तर वजनाने बोट मागून दबायची, नुसत्या लाकडाची केली तर कुजायची. काका म्हणाले, “इंजिनले बसाले खुर्ची पायजे, बाबू. तुह्या फायबरची होईन का?” मी क्षणभरही विचार न करता “होईन की” म्हणून मोकळा झालो. स्वयंपाकघरातून तुझा आवाज आला, “ह्यानं आजलोक बोट तरी पाह्यली का?” काका खो खो हसले. मी हसलो नाही, कारण तू खरं बोलली होतीस.

मृगाच्या आधी खुर्ची बसायला हवी होती. पावसाळ्यात धरण फुगलं की पलीकडच्या काठाला वल्ही मारत जायला त्यांना दोन तास लागायचे, आणि वारा उलटा फिरला तर माणसं तिकडेच अडकून पडायची. आणि माझं म्हणशील, तर ती खुर्ची तुटून इंजिन धरणाच्या तळाशी गेलं असतं तर पुलगावपर्यंत बोंब झाली असती आणि माझ्याकडून कुणी बादलीसुद्धा घेतली नसती. मला झोप लागत नव्हती, हे मी तुला सांगितलं नव्हतं. तू ते चहाच्या कपांवरून ओळखलं होतंस.

आत प्लायवूडची पेटी, तिच्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, मॅटवर वाळून टणक होणारं चिकट रेझिन, पुन्हा मॅट, पुन्हा रेझिन, असे सहा-सात थर. काम तसं सोपं, पण मॅट पेटीच्या कोपऱ्यावर नीट बसेना, चुण्या पडत होत्या. तू दारात उभी राहून थोडा वेळ बघितलंस आणि आत जाऊन जुना पेपर घेऊन आलीस. ब्लाऊज बेततात तसा पेटीवर पेपर बेतलास, कोपऱ्याला तिरपी कात्री मारलीस आणि म्हणालीस, “मुंढ्याले अशीच कात्री माराव लागते, नाईतं कपडा भरते तिथं.” मॅट कोपऱ्यावर अंगावर घातल्यासारखी बसली. तुझ्याच कात्रीने मी ते सगळे तुकडे कापले. काचेने कात्रीची धार गेली, मग तू मला जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही.

खरी पंचाईत उन्हाची होती. टिनाखाली भट्टी पेटलेली. रेझिन आळावं म्हणून त्यात हार्डनर टाकून ढवळेपर्यंत ते मगातच घट्ट व्हायचं, वर धूर निघायचा आणि मगासकट फेकून द्यावं लागायचं. चार मग गेल्यावर मी घरातला हिरवा कूलर ओढत नेऊन शेडच्या दारात लावला. “ने,” तू म्हणालीस, “मी काय दिवसभर झोपूनच राह्यते का?” वाळ्याचा तो थंडगार वास, शिवाय रेझिन मगात चांगलं वीस मिनिटं टिकायला लागलं. मी खूष. दोन दिवसांत सगळे थर मारून मोकळा झालो.

तिसऱ्या दिवशी काका बघायला आले. मी ऐटीत खुर्चीवर हात ठेवला आणि हात चिकटला. वरचा थर पांढरट, दुधाळ दिसत होता. कोपऱ्याला नख लावलं तर थर साय निघावी तसा सुटून आला. तेवढ्यात तू मागून आलीस, वाकून खुर्चीला बोट लावलंस, बोट बोटावर घासून पाहिलंस आणि म्हणालीस, “ओल लागली याले. कूलरसमोर कधी कुरडई वायते का?”

आणि मी, काकांच्या देखत, तुझ्यावर खेकसलो. “हे काय पापड-कुरड्या हायेत का? केमिकल हाय हे. तुले नाई समजत त्यात, जाय तू आत.”

तू आत गेलीस. भांड्याचा आवाजसुद्धा केला नाहीस. मी काकांना सांगितलं की हार्डनरचं माप चुकलं, दुसरी करून देतो. ते म्हणाले, “कर. पण वहिनीले असं नको बोलत जाऊ, बाबू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तू सांगितलंस की कूलरचा पंप जळला. मी डोक्याला हात लावला. नवतपा, उन्हाळ्यातले ते सगळ्यांत तापलेले नऊ दिवस, सुरू झालेला, गावातल्या दहा कूलरचे पंप माझ्या टेबलावर पडलेले, प्रत्येक जण दारात येऊन घाई करत होता. आपल्या धंद्यात घरचा कूलर सगळ्यांत शेवटी दुरुस्त होतो, बाबांपासूनची रीत. तरी मी एकदा नवा पंप काढून तुझ्यासमोर धरला होता. “गिऱ्हाइकाचे पह्यले कर,” तू म्हणालीस, “आपलं होऊन जाईन.” मग तू ओला टॉवेल डोक्यावर घेऊन, हातपंख्याने वारा घेत सगळा नवतपा काढलास. कूलर नाही म्हटल्यावर मला शेडमध्ये नऊनंतर उभं राहवेना, म्हणून पहाटे पाचला उठून काम करायला लागलो. पहाटेची हवा कोरडी आणि त्यातल्या त्यात बरी, हार्डनरही थेंब मोजून कमी केलं. नवी पेटी घेतली, तुझेच पेपरचे बेत. आठव्या दिवशी खुर्चीवर हातोडी मारली तर टणकन आवाज आला. मी तुला ओरडून बोलावलं, “पाह्य, माप बरोबर जमलं!” तू आलीस, हातोडी घेऊन स्वतः एकदा मारून पाहिलीस आणि म्हणालीस, “जमलं बाप्पा एकदाचं.”

धरणावर खुर्ची बसवायला गेलो तेव्हा तुलाही नेलं. फळीला आरपार बोल्ट घातले, इंजिन चढवलं, काकांनी दोरी ओढली. तिसऱ्या ओढीला सुरू झालं. तू बोटीत मधल्या आडव्या फळीवर डबा मांडीवर घेऊन ताठ बसली होतीस आणि सारं धरण सोडून माझ्याकडेच बघत होतीस. मी पाण्याकडे पाहिलंच नाही, जाता-येता माझी नजर त्या खुर्चीच्या कोपऱ्यांवर. ती हलली नाही. पलीकडचा काठ पंधरा-वीस मिनिटांत आला. तिथे पळसाखाली तू डबा उघडलास, काकांच्या हातावर पहिली पोळी ठेवलीस आणि म्हणालीस, “खुर्ची बरी झाली. आता याच्यासाठी पोरगी पाहा.” इतकं हलकं मला त्याआधी कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्या वर्षीपासून लोकांनी माझे कूलर टकटक वाजवून बघणं बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात आपल्या घरातही फायबरचाच कूलर आला आणि हिरवा न उघडताच माळ्यावर गेला. धरणावरची ती बोट केव्हाच गेली, पण खुर्ची काढून त्यांनी दुसऱ्या बोटीला लावली. ती अजून आहे. मी वर्षातून एकदा जाऊन बोल्ट आवळून येतो.

आणि आता परवाचं. कूलर उघडला तर आत पंप होता, प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. त्याच्या वायरी जळलेल्या नव्हत्या, सोडवलेल्या होत्या. दोन्ही टोकांना ब्लाऊजच्या कापडाच्या पट्ट्या गुंडाळून वर दोऱ्याची तुझी ती बारीक गाठ. मी हजारो जळके पंप उघडले आहेत, आई. जळक्या पंपाचं तांब्याचं वेटोळं काळं पडतं आणि त्याचा वास वर्षानुवर्षं जात नाही. याचं वेटोळं नव्या नवरीसारखं लखलखत होतं. तेलाचा थेंब सोडून वायरी जोडल्या. दोनदा घरघरला आणि फिरायला लागला. मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. बायको विचारत होती काय झालं, तिला म्हटलं, आईने मला बनवलं. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. पंचेचाळीस डिग्रीत तू ओला टॉवेल घेऊन बसलीस, कारण माझ्याशी वाद घालण्यापेक्षा ते तुला सोपं वाटलं.

माझ्या कामावरच्या पोरांना मी सांगतो की ज्या दिवशी अंगणात कुरडई वाळेल त्याच दिवशी थर मारायचा, नाहीतर हात लावायचा नाही. ती हसतात, पण ऐकतात. हे मी माझं म्हणून सांगतो. तू असताना कधी तोंडातून काढलं नाही, तू गेल्यावर म्हणायला लागलो.

सावंगीच्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात, तू मधेच डोळे उघडून विचारलं होतंस, “खुर्ची हाय का रे अजून?” हाय, म्हटलं. “मंग ठीक हाय,” म्हणालीस आणि कुशीवर वळलीस. तेव्हाही मी बोललो नाही.

कारण मला ते परवा कळलं नाही, आई. पंपाचं परवा कळलं. ओलीचं मला त्याच वर्षी कळलं होतं. श्रावणात झड लागली होती, चार दिवस सूर्य नाही, हार्डनरचं माप अगदी काटेकोर, आणि तरी कूलरच्या बॉड्या तशाच चिकट, तशाच दुधाळ. मी बोट लावलं, बोट बोटावर घासलं, आणि तुझं वाक्य कानात आलं. तसाच उठून स्वयंपाकघरात आलो, तुला सांगायला. तू खाली बसून मेथी निवडत होतीस. मान वर करून विचारलंस, “काय पायजे?” मी दारात उभा राहिलो, आणि म्हणालो, चहा. “आत्ताच तं पेला ना रे,” तू म्हणालीस, आणि मेथी बाजूला सारून उठलीस.

हा कागद कुठे टाकायचा नाही. पंपाच्या पिशवीत ठेवतो, कूलर परत माळ्यावर.

त्या दिवशी मला चहा नको होता.