येनबाई, आमचं घर आणि एक भिंत

६ मे

डिझायनर म्हणे! घर आमचं, राहणार आम्ही, आणि कसं राहायचं ते ठरवणार बाहेरची बाई. यूतांगने मला न विचारता तिला बोलावूनसुद्धा टाकलं. पोटचा पोर!

स्वयंपाकघराचं छत गळतं, हे खरं. चाळीस वर्षांचे नळ आतून सडलेत. पण गळक्या छताला प्लंबर लागतो. तसं म्हटलं तर म्हणतो, "बाबा, एकदा फोडायचंच आहे, तर सगळंच नीट करून घेऊ." सगळंच! शिसारी आली.

माझ्या बायकोला, सूबीला जाऊन सात महिनेच झालेत. घरातलं माणूस गेल्यावर वर्षाच्या आत भिंतीला हातोडा लावत नाहीत. सांगायचं कुणाला?

९ मे

आली ती. येनबाई. तिशीची असेल. केस पोरासारखे कापलेले, दोन पायांत दोन रंगांचे मोजे. हातात एक डबी — भिंतीवर लाल ठिपका पाडते आणि माप सांगते.

प्रत्येक कपाट उघडलं. माझंही! आतले कपडे मोजले! "आजोबा, खण किती करायचे ते कळायला नको का?" मग प्रश्न. रात्री किती वेळा उठता? चपला किती जोड? आंघोळ सकाळी की संध्याकाळी? गुडघा कोणता दुखतो? डॉक्टरनेही इतकं विचारलं नव्हतं.

म्हटलं, "दात किती उरलेत तेही मोजून घ्या."

"ते आरसा बसवताना, आजोबा."

सून फेइलिंग खदखदून हसली. सासऱ्याची अब्रू निघते आणि ही हसते.

१० मे

बाई पुन्हा हजर. आज वेगळंच — घरात कोण कुठे बसतं, ते कागदावर मांडायचंय म्हणे. मी खिडकीशी. यूतांग टीव्हीसमोर. फेइलिंग कुठेही, फोन घेऊन. माझी आई होती तेव्हा तिची खुर्ची देव्हाऱ्यासमोर; तिथून सगळं घर दिसायचं. आईची नजर चुकवून या घरात कोणी पाण्याचा पेलाही उचलला नाही.

"आणि आजी?"

कुठली आजी ते आधी कळेना. सूबीबद्दल विचारत होती. सूबी कुठे बसायची?

मी म्हटलं, कामात असायची. बाईने पेन्सिल तशीच धरून ठेवली. म्हटलं, काय बघता? लिहा — कामात असायची.

भलते प्रश्न. मेलेल्या माणसाचं बसणं-उठणं हिला कशाला हवं?

२८ मे

नकाशा आला. संगणकावरचं रंगीत चित्रही. घर कसलं, दातांचा दवाखाना! भिंती राखाडी, फरशी राखाडी, कपाटांना मुठीच नाहीत. दाबलं की उघडतं म्हणे. चित्रात एक गोरापान माणूस सोफ्यावर पुस्तक वाचत बसलाय. विचारलं, "हा कोण? भाडेकरू?" यूतांगला राग आला.

पितरांचा देव्हारा त्याच भिंतीवर ठेवलाय, एवढं बरं. म्हणून गप्प बसलो.

३० मे

झोप नाही. पुन्हा नकाशा काढला. मी चौथीपर्यंतच शिकलोय, पण साखर कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळलाय. नळ कुठून कुठे जातो ते मला कळतं.

देव्हाऱ्याच्या भिंतीमागे नवा संडास!

पितरांच्या पाठीला संडास! आणि देव्हाऱ्याच्या मेजाची उंची किती, तर एकशेवीस. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, शुभ-अशुभ मापं छापलेल्या कुठल्याही टेपवर बघा, एकशेवीसवर काळं अक्षर येतं. अपाय. लाल अक्षर एकशेसत्तावीसवर. शेंबड्या पोराला ठाऊक आहे. डिझायनरला नाही!

३१ मे

बाईला बोलावून टेप तिच्या नाकासमोर धरला. तोंड उतरलं तिचं. वाटलं होतं, हसेल. हसली नाही. "चूक झाली, आजोबा. मेज सुतार करतो म्हणून त्याच्यावर सोडलं. संडासाचं तर माझ्या लक्षातच आलं नाही." कमरेतून वाकली.

वाकून काय होतं? संडास हलवायचा तर नळ हलणार, नळ हलवायचा तर खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला विचारावं लागणार. गेले तीन आठवडे!

सगळ्यांना बसवून स्पष्ट सांगितलं. एकोणीस ऑक्टोबरला सूबीचं वर्ष भरतं. तोवर ती वेगळी — तिच्या नावाची पाटी वेगळी, उदबत्तीचं पात्र वेगळं, खाली छोट्या स्टुलावर. परक्यासारखी. वर्षाच्या दिवशी तिच्या पात्रातली चिमूटभर राख पितरांच्या पात्रात घालायची, तिचं नाव आईबापांच्या पाटीत लिहायचं. तेव्हा ती घरची होते. त्या दिवशी देव्हारा जागेवर नसेल तर ती तशीच लटकत राहणार. बाकी घर राखाडी करा नाहीतर जांभळं करा.

बाईने तारीख लिहून घेतली. खाली दोन रेघा मारल्या. रेघा मारायला काय जातं?

२ जुलै

काम सुरू. पितर आणि सूबी गल्लीतल्या देवळात, लाल कापडाखाली. आम्ही समोर टोफूवाल्याच्या माडीवर. सगळ्या कपड्यांना आंबलेल्या सोयाबीनचा वास. भातालाही!

सुरुवातीला कामगारांनी मेजावर फळं आणि बिस्किटं मांडली, उदबत्त्या लावल्या. बाईने पहिला टोला घातला, बाहेरून आत. तेवढं तरी येतं तिला.

१९ जुलै

माझं घर बघून आलो. किळस आली. फरशी उखडलेली, भिंतीतून तारा लोंबताहेत, कुणीतरी आईच्या खुर्चीच्या जागेवर सुपारी थुंकलीय. लाल पिचकारी! जोरात ओरडलो. मुकादम म्हणतो, "आजोबा, ते सगळं सिमेंटखाली जाणार." म्हणजे थुंकी जन्मभर पायाखाली!

बाईने स्वतः बसून घासून काढली. मी बघत उभा राहिलो. मदत केली नाही.

४ ऑगस्ट

जुन्या पंचांगाचा सातवा महिना लागला. भुतं मोकळी सुटलीत. शहाणा माणूस या महिन्यात घरात खिळा ठोकत नाही. सुतार गावी गेला. नळवाला म्हणतो, चालू काम चालेल. रंगवाला म्हणतो, चालणार नाही. तिघांची तीन तोंडं. बाई मधे फोन धरून घामाघूम.

महिना फुकट.

२१ ऑगस्ट

फरशीच्या नमुन्यांचे बारा तुकडे आणले. बाराही राखाडी. म्हटलं, "हा आणि हा एकच आहे." "नाही आजोबा, हा गरम राखाडी." हात लावून बघितला. गार होता.

१२ सप्टेंबर

सुतार आलाच नाही. तिसरा दिवस. बाईला फोन केला — सकाळी, दुपारी, संध्याकाळी. यूतांग म्हणाला, "बाबा, ती ब्लॉक करेल तुम्हाला." केलं नाही. प्रत्येक वेळी उचलते. तेच सांगते, "येईल, आजोबा." असा राग येतो!

३० सप्टेंबर

एकोणीस दिवस. देव्हाऱ्याच्या जागी नुसती फळी. सूबी स्वप्नात येत नाही, म्हणजे रुसली असणार. फेइलिंग म्हणते, "सासूबाई कधी रुसायच्या का, बाबा?" नाही. ते खरं.

९ ऑक्टोबर

घरात गेलो तर येनबाई जमिनीवर बसून डबा खात होती. गार भात, वर तळलेली कोंबडी. घोट्याला प्लॅस्टर. शिडीवरून पडलीय, चार दिवस झाले. कोणाला बोलली नाही.

"तुमची तारीख चुकायची नाही, आजोबा."

म्हटलं, गार भात खाऊ नका.

१८ ऑक्टोबर

झालं! मेज एकशेसत्तावीस. टेप लावून तीनदा बघितलं — लाल, लाल, लाल. मागे संडास नाही, पुस्तकांचं कपाट आहे. छताला धूर ओढणारा पंखा, आवाजही नाही. बाकीचं घर अजून दवाखानाच. कपाट उघडायला गेलो ते उघडेना, कुठे दाबायचं तेच विसरलो. पण पितर मुहूर्त बघून घरी आले, आणि सूबी खाली स्टुलावर. एक रात्र उरली तिची तिथे.

उद्या ती वर जाईल, आईच्या शेजारी.

१९ ऑक्टोबर

विधी झाला नाही.

पुरोहिताने राख चिमटीत धरली आणि तिला विचारलं, येतेस ना पितरांत? लाकडी ठोकळे टाकले. एक उताणा, एक पालथा पडला तर हो. दोन्ही पालथे पडले. नाही. पुन्हा टाकले. नाही. पुरोहित म्हणाला, काहीतरी कमी राहिलंय. आणखी फळं ठेवली. नाही. सात वेळा. मग माझ्या हातात दिले. मलाही नाही.

फेइलिंग खाली बघत म्हणाली, "बाबा, रागावू नका. त्या पात्रात आजेसासूबाई आहेत. त्यांच्यासमोर सासूबाई जन्मात कधी बसल्या नाहीत, शेजारी कशा येतील?"

यूतांगने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं.

मी गुडघ्यावर बसून विचारलं, सूबी, वेगळी राहतेस का? पहिल्याच फेकीत हो. पुन्हा हो. पुन्हा हो.

आईला नमस्कार केला. मग येनबाईला फोन लावला. म्हटलं, या घरात आणखी एक भिंत शोधून द्या. आई बसायची तिथून न दिसणारी.