चार कोपरे

मंगळवार, होळीच्या आधीचा

हार्वेस्टरवाल्यानं आज तीन एकर गव्हाचे पुरे पैसे घेतले, अन् चारही कोपरे उभेच ठेवले. म्हणे मशीन तेथं वळत नाही. मंग त्या कोपऱ्यायचे पैसे कायले घेतले? "रेट एकर का है, काका. कोने का नहीं." बैलायच्या चाऱ्याचं कुटारही साल्यानं वावरभर उधळलं.

संध्याकाळी त्याच कोपऱ्यायसाठी गंगाबाईकडे गेलतो. दरसाल तिच्याच टोळीतल्या बायका गहू सोंगत, मजुरीत गहूच नेत. औंदा मशीन स्वस्त पडते म्हणून मीच त्यायले नाही म्हटलं. ती म्हणे, "चार कोपरेच ना? तुमीच सोंगा. इळा देतो."

अन् खरंच आतून इळा आणला. घेतला मी. काय करता? माह्या घरी आता इळाही नाही, हे तिले बरोबर माईत होतं.